शिवणीतला खिळा

२४ जून २००१, रविवार

शिवणीचा ओंडका आला एकदाचा! पेठहून माझा मेहुणा देवराम, ललिताचा धाकटा भाऊ, टेम्पोत घालून घेऊन आला. त्यांच्या बांधावरची शिवण दोन वर्षांपूर्वी वादळात आडवी झाली होती. तेव्हापासून पडवीत पडून छान सुकली आहे. शिवण वाकत नाही, तडकत नाही. लेकीची, पल्लवीची गिटार हिचीच करायची. वीस वर्षं कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे केले, गिटारही जमेल — असं म्हटलं तर पल्लवीने नाक मुरडलं.

ललिताचा हात तव्यावर भाजला. मलम लावलं. लक्ष कुठे असतं हिचं!

१ जुलै

सातपूरला वखारीत ओंडका चिरायला नेला. दुसऱ्याच फळीला करवत किंचाळली, दात उडाले. आत खिळा — बोटभर लांब, लोहाराने घडवलेला. डोक्याखाली काळ्या केसांची गुंडाळी. वरून लाकूड वाढून पार झाकलेला. भिकन मिस्त्रीने मशीन बंद केलं. 'कोणीतरी बांधून ठेवलंय हे. उपटू नका, सायेब.' चारचौघांत भ्यायचं कसं? पक्कड घेतली आणि उपटला.

खिळा तंबाखूच्या डबीत ठेवलाय. टाकवला नाही. घरी बोललो नाही.

४ जुलै

डबी दोनदा उघडून पाहिली. खिळाच आहे. उगाच आपलं काहीतरी.

८ जुलै

ललिताला फिट आली. स्वयंपाकघरात पातेलं पडलं म्हणून धावलो तर ही जमिनीवर, डोळे पांढरे, दातखीळ बसलेली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, असं कधी नाही पाहिलं. शुद्धीवर आल्यावर म्हणते, 'चक्कर आली. उपास होता ना.' डॉक्टर नको म्हणते.

बरोबर आठ दिवसांत. मीच केलं हे. 

९ जुलै

देवरामला फोन केला, गावातल्या दुकानावर. शिवणीत खिळा कसला, विचारलं. 'तायला ल्हानपणी लय आकडी यायची, दाजी. आयनं तिच्या उंचीवर खिळा मारला, तिचेच केस घालून. ताय खिळ्यापेक्षा वर वाढली न् आकडी थांबली. पुढं तो लाकडात गेला, आमच्या ध्यानातच नाय राहिला. लग्नात सांगितलं नाय — सोयरीक मोडली असती.' मग त्याने विचारलं, 'तुम्ही उपटला का?'

नाही म्हणालो.

१५ जुलै

खिळा परत ठोकला. गिटारीच्या आत मानेला धरून ठेवणारा ठोकळा असतो, तो मुद्दाम खिळ्याचं भोक असलेल्या तुकड्यातून काढला. त्याच भोकात, केसांसकट. गिटारीत खिळा! हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. दोन घाव बोटावर बसले. ही गिटार आता कधी कुणाला द्यायची नाही.

२९ जुलै

चौदा दिवस झाले, काही नाही. तरी तिच्या मागे मागे फिरतो. गॅसची भीती, जिन्याची भीती, न्हाणीघराची कडी लागली की भीती. 'अहो, पहारा कसला देताय?' म्हणाली. हसलो कसाबसा.

१२ ऑगस्ट

तारा चढवल्या. पल्लवीने छेडल्या. आवाज गोड, भरलेला. ललिता दारात उभी राहून ऐकत होती. ऐकता ऐकता कोसळली.

आत हात घालून चाचपलं. खिळा जागेवर होता.

१३ ऑगस्ट

पहाटे मागची पानं चाळली. २४ जून — ललिताचा हात तव्यावर भाजला. खिळा मी १ जुलैला उपटला.

ते पान तिच्यापुढे धरलं. तिने वाचलं. मग म्हणाली, 'गेल्या दिवाळीपासून झटके येतात. तुम्ही माहेरी धाडाल म्हणून...'

रजा टाकली आहे. दहा वाजता दोघं डॉक्टरांकडे.