ब्रोकोलीचे कोंब जातात कुठे?

३ ऑक्टोबर
घोर अन्याय! डब्यातल्या भातावरचं खारवलेलं आलुबुखार गेलं, त्याच्या गादीवर ब्रोकोलीचे कोंब बसले. चव रागावलेल्या मुळ्याची. या पाल्याला शोभेल असं विशेषण अख्ख्या संस्कृतात नाही – मी तेच शिकवतो, शोधून झालं.
बायको, चिझुरु, म्हणाली, "अहो, गुपचूप खा. तुमच्या पेशी आभार मानतील."

६ ऑक्टोबर
काल फ्रीजमध्ये कोंबांची टोपली गच्च होती. आज अर्धी! माझ्या डब्यात चिमूटभर. बाकीचे?

८ ऑक्टोबर
पंचवीस वर्षं आतड्याच्या दाहावर काम करणाऱ्या बायकोकडून शिकवणी. पेशीत एक रखवालदार असतो म्हणे. एरवी दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं, वाढू देत नाही. कोंबांतल्या तिखट रसायनाने ती पकड सुटते. मग रखवालदार पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि दाहाशी लढणारी फौज उठवतो.
"म्हणजे मी चिरंजीव?"
"उंदरांत दिसलंय. माणसांत ठरलेलं नाही. उगाच आशा लावायची नाही कुणी."

११ ऑक्टोबर
चिझुरुच्या प्रयोगशाळेत गडबड. कोंब न दिलेल्या उंदरांची आतडी आत्तापर्यंत सुजायला हवी होती. पाण्यातून सूज आणणारं औषध चालू आहे. पण ते टुणटुणीत! तिचे साहेब कामाता सर सगळ्यांसमोर म्हणाले, "कुणीतरी लाड करतंय."
मी फ्रीजकडे पाहिलं. मग बायकोकडे. तिने विषय बदलला!

१५ ऑक्टोबर
प्रयोगात गेलेल्या प्राण्यांचा वार्षिक स्मरणदिन. मीही गेलो. स्मारकाच्या दगडापुढे उदबत्त्या, प्रत्येकाने ठेवलेलं मूठभर खाद्य. चिझुरुने ठेवले – कोंब!
"मेल्यावरच देता ना, बाई?" कामाता सर. लोक हसले. ती नाही हसली.
गाडीत म्हणाली, "ज्यांना मुद्दाम दिले नाहीत, त्यांना निदान आता."
झालं! चोर घरातच.

१८ ऑक्टोबर
कामाता सर स्वतः आले, मोचीचा – तांदळाच्या गोड, चिकट लाडवांचा – डबा घेऊन, कमरेत वाकून माफी मागत. औषधाची पूडच जुनी निघाली, जोर गेलेली. उंदीर निर्दोष, बायको निर्दोष.
मोची उत्तम. पण मग कोंब?

१९ ऑक्टोबर
चष्मा विसरला म्हणून दुपारी घरी आलो. चिझुरु मोरीपाशी उभी, मुठीमुठीने कोंब तोंडात कोंबत होती. डोळ्यांत पाणी. तिखटाने असेल म्हटलं.
"शौचावाटे रक्त पडतंय," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून."
"आणि डॉक्टर?"
"नळी घालून बघतील. काय दिसेल ते मला माहीत आहे, अहो. रोज तेच बघते मी."

२० ऑक्टोबर
तपासणी मंगळवारी. मी सोबत जाणार, तिने नाही म्हटलं तरी.
माणसांत ठरलेलं नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरी ती खाते आहे. मला त्याचीच भीती वाटते.