उजव्या खांद्यावरचं फूल

९ डिसेंबर १९९६
हैदराबादहून पत्र. पीएच.डी.ची जागा मिळाली! दोन जानेवारीला हजर व्हायचं. विषय मी मागितला तोच – ख्रिस्ती महाकाव्यातली स्त्री, मोह आणि तिची स्वतःची इच्छा.
जेवताना नवऱ्याला सांगितलं. अमरसिंहांनी एवढंच विचारलं, "किती वर्षं?"
तीन, मी म्हणाले. त्यांनी ताटातच हात धुतला.

११ डिसेंबर
कोल्हापुरात एम.ए.चा तास. महाकाव्यातली, देवाच्या बागेतली ती सकाळ शिकवली. जगातली पहिली बाई नवऱ्याला म्हणते, आज मी वेगळीकडं काम करते. बागेत सैतान शिरलाय, धोका त्याला ठाऊक आहे. तरी तो म्हणतो, जा. मनाई केलेलं फळ खाऊन झाल्यावर तीच त्याला विचारते – मला अडवलं का नाहीस?
"म्हंजे चूक त्याचीच की, मॅडम." मुलं हसली.
मागून रक्षिता म्हणाली, "अडवायला ती काय म्हस हाय?"
मी हसले नाही. घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात होतं.

१४ डिसेंबर
गुऱ्हाळ सुरू झालंय. अमरसिंहांच्या सदऱ्याला, उशीलासुद्धा काकवीचा वास.
विचारलं, जाऊ का?
"तुला वाटतंय ते कर की."
तुम्हाला काय वाटतं?
"माझं कशाला?"
चुलीजवळून सासूबाई – "बायकू तिकडं धाडून हा हितं रस उकळत बसणार व्हय!"
शेवटी ते म्हणाले, देवाला विचारू. बोलून सुटल्यासारखे दिसले.

१७ डिसेंबर
गावदेवाला कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली शेवंती चिकटवतात. उजवं फूल आधी पडलं तर जायचं. डावं पडलं तर नाही. फुलं घरच्या पुरुषानं लावायची. बायकांनी गाभाऱ्यात पाऊल टाकायचं नाही. आत अमरसिंह, मी उंबऱ्याबाहेर.
माझा यावर विश्वास नाही. तरी हात जोडलेले होते.
डावं पडलं.

१८ डिसेंबर
हैदराबादला नकार लिहिला.

२१ डिसेंबर
नकाराचं पत्र अजून पर्समध्येच. पेटीत टाकवत नाही.
गावात वेगळीच चर्चा. उजवं फूल पडलेलंच नाही. दोन्ही फुलं पडल्याशिवाय देवाला आंघोळ घालत नाहीत. गुरव आकाराम दारात येऊन सांगून गेला – "सुकून काळं झालंय, पण हलत न्हाय. देवानं धरलंय तुमास्नी, वैनी." लोक बघायला येताहेत. सासूबाईंनी नारळ फोडला.
अमरसिंह जेवले नाहीत.

२२ डिसेंबर
दुपारी देवळात कुणी नव्हतं. उंबऱ्यावरूनच दिसलं – देवाच्या उजव्या दंडावरून मुंग्यांची रांग वर चढत होती. खांद्यापर्यंत.
आत गेले. फूल ओढलं. सहज निघालं नाही. बोटं चिकट झाली.
बाहेर जाऊन हात धुता आले असते. काहीच कळलं नसतं.
बोट जिभेला लावलं.
काकवी.

२३ डिसेंबर
फूल अमरसिंहांपुढं ठेवलं. ते सदऱ्याला हात पुसत राहिले.
"थांब म्हणालो असतो तर थांबली असतीस?"
थांबले असते, मी म्हणाले. आणि माळ्यावरची बॅग काढली.