खापरखेड्यातील पंचेचाळीस मिनिटे

मी, चंद्रभान गोविंदराव सोनकुसरे, वय ७१ वर्षे, राहणार तांडापेठ, नागपूर; हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त कामगार आणि एकोणतीस वर्षे हास्य कलाकार, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, नशापाणी न करता, शुद्धीवर राहून लिहून ठेवतो. माझे हृदय तीस टक्केच चालते असे डॉक्टर सांगतात. बाकीचे सत्तर टक्के कुठे बसून आहे, हे त्यांना ठाऊक नाही. डोके मात्र पूर्ण चालते, आणि तोच त्रास आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकील मिनल धकाते यांनी मला कच्चा मसुदा करून दिला होता. त्या म्हणाल्या, "काका, मालमत्तेचं लिहा, बाकी गोष्टी नको." मी त्यांचे अर्धेच ऐकले आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

कलम १. तांडापेठेतील माझे दोन खोल्यांचे स्लॅबचे घर माझ्या वडिलांच्या नावे होते आणि वारसाने एकट्या मला मिळाले. समोरच्या खोलीत वडिलांचा हातमाग होता. मागाचा खड्डा मी १९८१ मध्ये बुजवला आणि वर फरशी टाकली. हे संपूर्ण घर माझी एकुलती मुलगी काजल, राहणार बुटीबोरी, हिला मिळावे. याबाबत आधी वेगळे ठरले होते, ते शेवटी येईल. काजलने घर विकले तरी माझी हरकत नाही. मी त्या वेळी हरकत घेण्याच्या स्थितीत नसेन.

कलम २. बँकेत जे शिल्लक असेल तेही काजलचे. त्यातून माझे दिवस करावेत, पण जेवणावळ घालू नये, आणि शोकसभेत कोणीही माझे चुटके सांगू नयेत. लोक हसतील, आणि तिला ते पाहावे लागेल.

कलम ३. माझी लोखंडी घडीची खुर्ची ऑर्केस्ट्रावाले मनोहरराव यांना द्यावी. कारण असे, की त्यांच्या ऑर्केस्ट्रात आम्ही नऊ वर्षे काम केले. गाणाऱ्या बाया साडी बदलायला जात, त्या सात मिनिटांत आम्ही दोघांनी लोकांना हसवायचे. मनोहरराव आम्हाला 'फिलर' म्हणत. विंगेत गायकांना खुर्च्या, वादकांना खुर्च्या, आम्हाला हार्मोनियमच्या पेटीवर बसायलाही मनाई. म्हणून ही खुर्ची मी इतवारीच्या बाजारातून आणली. एकच घेणे परवडले. आम्ही आळीपाळीने बसायचो. आता मनोहररावांचे गुडघे गेले आहेत असे ऐकतो. त्यांनी आरामात बसावे. राग नाही, पण खुर्ची कोणाची आहे ते त्यांना सांगावे.

कलम ४. 'आम्ही दोघे' म्हणजे मी आणि हेमराज तुकाराम निमजे. त्याचेही घर तांडापेठेत, त्याच्याही घरी माग. हिंगण्याला आम्ही एकाच कंपनीच्या बसने जायचो. मी पुढच्या सीटवर उभा राहून साहेबाची नक्कल करायचो आणि तो मागून चपराशाच्या आवाजात उत्तर द्यायचा. बस बर्डीला पोहोचेपर्यंत ड्रायव्हरलासुद्धा हसू आवरत नसे. आमचा 'साहेब आणि चपराशी' हा खेळ तिथेच जन्मला. मी साहेब, तो चपराशी. तो माझ्यापेक्षा चांगला कलाकार होता, हे मी एकोणतीस वर्षांत त्याला सांगितले नाही. येथे नोंदवतो.

माझी चुटक्यांची वही, साहेबाचा कोट आणि चपराशाची टोपी असलेली पेटी अंकितला द्यावी. अंकित हा मोबाइलवर कार्यक्रम करणारा तरुण हास्य कलाकार आहे. वहीतले काहीही त्याने वापरावे. 'साहेब आणि चपराशी' मात्र कोणी करू नये.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही. वकीलबाईंनी ते वेगळ्या कागदावर लिहायला सांगितले होते. वेगळा कागद हरवतो.

दिनांक १८ जानेवारी १९९८, रविवार, नागपूरबाहेर खापरखेड्याच्या कॉलनीतल्या महिला मंडळाचे हळदीकुंकू. दुपारी तीनचा कार्यक्रम. आयुष्यात पहिल्यांदा फक्त आमच्या दोघांच्या नावाचा फलक लागला होता. गाणी नाहीत, साडी बदलणे नाही. पूर्ण पंचेचाळीस मिनिटे आमची. हेमराज मंडपामागे टोपी घालून तयार होता, तिळगूळ खात होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी कॉलनीतले किराणा दुकानदार गुलाबचंद धावत आले. मंडपाच्या दारात मी एकटाच होतो. निरोपासाठी आम्ही त्यांच्याच दुकानाचा नंबर घरी देऊन ठेवला होता. ते म्हणाले, "हेमराजजी कौन? उनके भाई का फोन आया. बच्चा छत से गिरा है, पतंग के पीछे. बडे दवाखाने में है. जल्दी बुलाया है."

हेमराजचा मुलगा रोहित. सात वर्षांचा.

मी म्हटले, "मी सांगतो त्याले. तुम्ही जा."

गुलाबचंद गेले. आत मंडपात दोनशे बाया, त्यांची लेकरे. माइकवरून आमचे नाव पुकारले गेले. मी मागे हेमराजकडे गेलो. तो म्हणाला, "काय झालं गा? चाल ना, बोलावून राहिले." मी म्हटले, "काही नाही. चाल."

पंचेचाळीस मिनिटांत काय होते, असे मला वाटले. लेकरे पडतात, उठतात. आणि दुसरे, जे मी कोणाला सांगितले नाही: मला ती पंचेचाळीस मिनिटे हवी होती.

त्या दिवशी हेमराज जसा रंगला तसा आधी कधी रंगला नाही, नंतरही नाही. दर मिनिटाला नवे वाक्य. चपराशी साहेबाची सही करायला शिकतो, तो भाग त्याने तिथेच उभ्या उभ्या रचला. बाया पदर तोंडात धरून हसत होत्या. मीही हसलो. नाटकातले नाही, खरे. पोटात तो निरोप होता आणि वरून मी हसत होतो. दोन्ही खरे होते.

चारला पाच मिनिटे कमी असताना आम्ही खाली उतरलो, तेव्हा मी त्याला सांगितले, "आत्ताच निरोप आला." माझ्या स्कूटरवरून नागपूरच्या मोठ्या दवाखान्याकडे निघालो. कोराडीच्या पुढे रेल्वे फाटक बंद होते. पोहोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. रोहित सव्वाचारला गेला होता. हेमराजची बायको तुळजाबाई पायरीवर बसून होती. ती एवढेच म्हणाली, "शेवटपर्यंत इचारत होता, बाबा येऊन राहिले का म्हणून."

हेमराजच्या भावाने सांगितले, मी तर तीनलाच फोन केला होता. हेमराजने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "दुकानदारानं उशिरा सांगितलं." हे खोटे होते. त्यानंतर पंचवीस वर्षे हेमराजच्या घरात गुलाबचंदांच्या नावाने बोटे मोडली गेली. ते बिचारे धावत आले होते, पायात चप्पल नव्हती. ते आज कुठे आहेत मला माहीत नाही. त्यांचा किंवा त्यांच्या मुलांचा शोध लागल्यास या कलमाची प्रत त्यांना द्यावी आणि माझ्या वतीने हात जोडावेत.

माझी पत्नी इंदुताई २०१६ मध्ये वारली. तिला मी रोहित गेला त्याच आठवड्यात खरे सांगितले होते. ती म्हणाली, "आत्ता जा अन् सांगून या." मी म्हटले, "उद्या जातो." त्यानंतर ती माझ्या एकाही कार्यक्रमाला आली नाही.

रोहित गेल्यानंतर हेमराज आणि मी अकरा वर्षे जोडीने काम केले. विंगेत त्या एका खुर्चीवर तो बसलेला असे आणि मी बाजूला उभा. सांगायला वेळ हजारदा मिळाला. चपराशाचा खेळ त्याने पुन्हा केला नाही. मी कारण विचारले नाही.

कलम ६. डिसेंबर २०२३ मध्ये अंकितने धरमपेठेतल्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. जुने-नवे सहा हास्य कलाकार स्टेजवर बसून पडद्यामागचे किस्से सांगणार, आणि त्याचे चित्रीकरण होणार. हेमराजलाही बोलावणे होते. त्याच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते म्हणून तो आला नाही. तो आला असता तर पुढचे घडले नसते.

सगळे किस्से सांगत होते. एकाला लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या मामाने हाकलले होते. एकाने मयताच्या घरी चुकून वाढदिवसाचा कार्यक्रम सुरू केला होता. हशा होत होता. माझ्या किश्श्यांवर कमी होत होता. खुर्चीचा किस्सा पडला, ऑर्केस्ट्राचा पडला. तरुण पोरे आदराने हसत होती, ते मला कळत होते. मग अंकितने विचारले, "काका, सगळ्यात अवघड शो कोणता?"

आणि मी खापरखेडा सांगितले. पोटात निरोप ठेवून कसा उभा राहिलो, मित्राला कसे कळू दिले नाही, लोकांना कसे हसवले. मी ते कलाकाराच्या कर्तव्यासारखे सांगितले. कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली आणायचा, ते मला येते. सभागृहातले सगळे उठून उभे राहिले. टाळ्या थांबत नव्हत्या. आयुष्यात माझ्यासाठी लोक पहिल्यांदा उभे राहिले. मला बरे वाटले. हेही लिहून ठेवतो, कारण तेच सर्वांत वाईट आहे.

तो तुकडा लाखो लोकांनी मोबाइलवर पाहिला. काजलच्या नवऱ्याने स्टेटसला ठेवला. अंकितने माझ्या सांगण्यावरून नंतर तो काढला, पण तोवर इतरांनी उचलला होता.

कार्यक्रमानंतर नवव्या दिवशी सकाळी हेमराज माझ्या घरी आला. डोळ्याला काळा चष्मा. बसला नाही.

"किती वाजता आला होता गा निरोप?"

"तीन दहाले."

"अन् निघालो कधी आपण?"

"चारले."

त्याने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "फाटक चारनंतर लागलं होतं. आधी निघालो असतो तर उघडं होतं."

मी ती लोखंडी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"तू हसून राहिला होता त्या दिवशी. मले वाटलं, मी लय चांगलं करून राहिलो. म्हणून अजून करत गेलो."

"हेमराज..."

"पंचवीस वर्षं मी तुह्या बाजूले बसलो. मले नाही सांगितलं. अन् त्या पोराईले सांगितलं, टाळ्यांसाठी. काहून?"

तो निघून गेला. तेव्हापासून तांडापेठेच्या एकाच गल्लीत आम्ही राहतो आणि बोलत नाही. तुळजाबाई मला पाहून रस्ता बदलत नाही, सरळ चालत राहते. मीच बदलतो.

कलम ७. कच्च्या मसुद्यात मी घराची समोरची खोली हेमराज व तुळजाबाई यांच्या नावे लिहिली होती. काजलची संमती होती. वकीलबाई तो मसुदा घेऊन त्यांच्याकडे गेल्या आणि पूर्ण वाचून दाखवला. हेमराजने खोली नाकारली. ऐकून झाल्यावरही तुळजाबाईने पुन्हा विचारले, "दुकानदाराचं खरं लिहिलं का त्याईनं?" वकीलबाई हो म्हणाल्या. मग ती उठून आत गेली. सबब ते कलम रद्द करून संपूर्ण घर काजलला दिले आहे.

पुढचे मी सह्या झाल्यावर, सह्यांच्या वर सोडलेल्या जागेत, सगळ्यांसमोर लिहिले आहे. सही करण्यासाठी आज सकाळी अकराला माझ्या घरी जमायचे ठरले होते. शेजारी मारोतराव साक्षीला आले. दुसरा साक्षीदार काजलचा चुलत दीर होता. तो बुटीबोरीहून निघालाच नव्हता. तेवढ्यात दारात हेमराज उभा राहिला. बोलावलेले नव्हते.

तो वकीलबाईंना म्हणाला, "खोली नाही घेतली म्हणजे मी साक्षीदार राहू शकतो ना?"

त्या म्हणाल्या, "हो, राहू शकता."

"मंग मी करतो सही." आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "माफ नाही केलं. रोहितचं नाव कुठंच नाही राहिलं. राशन कार्डावरून कटलं, त्याची शाळा बंद झाली. या कागदावर आहे. म्हणून करतो."

मी सही केली. त्याने ती पाहिली. मग पेन घेतले आणि रकान्यावर थांबला. "नातं म्हणून काय लिहू?" वकीलबाई म्हणाल्या, "मित्र लिहा, शेजारी लिहा, काहीही चालतं." नंतर त्याने स्वतःच्या हाताने जे लिहिले, ते खाली आहे. त्यात कोणी खाडाखोड करू नये.

ठिकाण : तांडापेठ, नागपूर
दिनांक : ११ सप्टेंबर २०२५

मृत्युपत्र करून देणार : (सही) चंद्रभान गोविंदराव सोनकुसरे

आम्हा दोघांसमोर वरील सही झाली :

१) (सही) मारोतराव लक्ष्मणराव पौनीकर, वय ६४, तांडापेठ, नागपूर. नाते : शेजारी.

२) (सही) हेमराज तुकाराम निमजे, वय ६९, तांडापेठ, नागपूर. नाते : रोहितचे वडील.