कडू म्हणजे औषध नव्हे

गुलबर्गा, १२ सप्टेंबर १९८६

माय, तू गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. आज लिहितोय तेही तुझ्यावर चिडून.

तुझी नात दवाखान्यात आहे. पायांवर लाल ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं ते थांबेना. डॉक्टर म्हणाले, रक्त थांबवणारे बारीक कण असतात, प्लेटलेट, ते फार कमी झालेत. कारण कळल्याशिवाय उपाय नेमका ठरत नाही. तापानं होतं, प्लीहा वाढल्यानं होतं, हाडातल्या मगजात बिघाड असला तर होतं, कधी शरीर स्वतःच ते कण मारतं, आणि कधी एखाद्या औषधानंही होतं. "औषध काही दिलं होतं का?" हे त्यांनी दोनदा विचारलं. मी, पोरीची आई आणि औरादहून आलेली तुझी थोरली, अक्का, तिघांनीही नकारार्थी माना हलवल्या. मग उद्या कमरेच्या हाडात सुई घालून मगज तपासायचं ठरलं. पोरीनं माझं बोट धरलं ते सोडेना.

संध्याकाळी तिचं अंग जरा कोमट लागलं. पाहतो तो अक्का पदराच्या गाठीतली पुडी सोडून गुळात दाबलेली गोळी तिच्या तोंडाशी नेतेय.

"अक्का, काय द्यायलीस?"

"कडू. ताप आला तवापासून देतेय की."

कोयनेल, माय! औराद म्हैसूर राज्यात गेलं त्या वर्षी, छप्पन साली, तू चुलीपुढं आम्हाला ओळीनं बसवून चारायचीस तेच. ताप असो नसो, पावसाळा लागला की तोंड उघड. मी एकदा तुरीच्या पोत्यामागं थुंकलो, तर पाठीत धपाटा घालून दुसरी दिलीस.

मी गोळी हिसकावली. "डॉक्टरांनी दोनदा विचारलं, तवा कामून बोलली न्हाईस?"

"त्यांनी औषध विचारलं. हे कुठं औषध हाय? कडू हाय. मायनं दिलं तवा तू मेलास का?"

बाजूच्या खाटेवरची बाई हसली. मी मात्र पेटलो होतो. नर्सला सांगितलं, ती म्हणाली, आता अजिबात देऊ नका, डॉक्टरांना सकाळी दाखवा. कारण हेच असेल की नाही ते तेच ठरवतील. पण इतकी साधी गोष्ट लपून राहावी कशी? कोणी लपवलीही नव्हती. तू आम्हाला शिकवलंसच तसं: औषध बाटलीत असतं, कडू घरात असतं. इतकी ठाम असायला तुला कोणी सांगितलं होतं?

जिना उतरताना अक्का हळूच म्हणाली, "तू बी व्हतास की, मी देताना."

होतो. चहा पीत बसलो होतो. कोयनेल म्हणजे क्विनीन, हिवतापाचं औषध, हे कॉलेजात शिकलोय, तरी डॉक्टरांपुढं 'काही नाही' म्हणताना मी खोटं बोलत नव्हतो. माझ्याही लेखी ते औषध नव्हतं. हे पत्र कुठं टाकणार, वहीतच राहील.

उद्या: सुईच्या आधी अक्काच्या पदरातली पुडी डॉक्टरांच्या हातात देणे.