स्टेडियमच्या मागचा जागेवाला

बाबा, परवा मी गोव्यात एका स्टेडियमच्या मागे, जनरेटरच्या शेजारी उभी राहून गाऱ्हाणं घातलं. तुमचं गाऱ्हाणं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या वर्षांत ते मी एकदाही मोठ्यानं म्हटलं नव्हतं. आमच्या हेडबाई घाटावरच्या आहेत. त्यांना मी मागे समजावून सांगितलं होतं की आमच्याकडे कुठल्याही कामाच्या आधी मान असलेला माणूस देवासमोर उभा राहतो, सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागतो आणि बाकीचे दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्या म्हणाल्या, म्हणजे प्रार्थना. मी हो म्हटलं. नुसती प्रार्थना नव्हे ती, हे तुम्हाला माहीत आणि मला माहीत, पण शाळेच्या ऑफिसात उभं राहून किती सांगणार.

मी अजून त्याच शाळेत खेळाची बाई आहे. येत्या मे महिन्यात निवृत्त होते. इतक्या वर्षांत आमच्या कपाटात लिंबू-चमच्याच्या शर्यतीची नि जिल्ह्याच्या तिसऱ्या नंबरची ढाल सोडली तर काही आलं नाही, आणि यंदा मुलींचा कबड्डीचा संघ थेट अंतिम सामन्याला गेला. उपांत्य सामना कुडाळला झाला. त्यात शेवटच्या चढाईला आमच्या कॅप्टनचा घोटा मुरगळला. कॅप्टन म्हणजे अख्खा संघ, हे मी कोणापुढे बोलत नाही पण खरं तेच आहे. डॉक्टरांनी पट्टा बांधून दिला, बारा दिवस विश्रांती सांगितली आणि म्हणाले, दुखलं नाही तर खेळू दे. तिचे वडील होडीवर जातात. अंतिम सामन्याला न्यायची परवानगी मागायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते अंगणात जाळं शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “बाई, तुमच्या हवाली करतंय. जशी नेतास तशी परत हाडा.” मी म्हटलं, आणीन.

निघायच्या दिवशी पहाटे देवळात गाऱ्हाणं घालायला तुमचा पुतण्या येणार होता. आता मान त्याच्याकडे आहे. त्याला नेमका ताप भरला. गाडीवाला हॉर्न वाजवत होता, मुली देवळाच्या पायरीवर घुटमळत होत्या, मी म्हटलं, चला, हात जोडा आणि बसा. पण ते मनाला लागून राहिलं. तुम्ही मला ओळखता. गॅस बंद केला का बघायला मी अर्ध्या वाटेवरून परत येणारी. सावंतवाडीपर्यंत मी मुली तीनदा मोजल्या. बांद्याला चहाला थांबलो तेव्हा पुन्हा मोजल्या. बारा भरल्या. कॅप्टन सगळ्यांत शेवटी उतरली. मग गोव्याची हद्द लागली आणि मुली गाणी म्हणायला लागल्या, मी पिशवीतली क्रेप बँडेजं चाचपत बसले.

स्टेडियम बघून मुलींची तोंडं उघडीच राहिली. काचेची भिंत, आत थंडगार हवा, छताला लोंबणारा गुणफलक आणि मधोमध निळी मॅट. आमच्या मुली शाळेमागच्या लाल मातीत, अनवाणी खेळत मोठ्या झाल्या. मॅटवर बूट लागतात म्हणून गावच्या मुंबईकर मंडळानं बूट पाठवले होते, ते घालून त्या दोन महिने जिल्ह्याच्या मॅटवर सराव करत होत्या, पण तिथली मॅट जुनी, झिजलेली. ही नवी मॅट पायाला धरून ठेवते. कॅप्टननं एक पाय टाकून वळून बघितलं आणि म्हणाली, “बाई, ही पाय सोडणा नाय.” बाकीच्या हसल्या. मला मात्र दिसायला लागलं की वरचं अंग वळतंय आणि पाय तिथंच अडकून राहिलाय. तेवढ्यात एकीनं विचारलं, “बाई, गाऱ्हाणा कोण घालतला?” सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सामन्याला दीड तास होता.

मला एकदम तो तळाशीलकडचा किनारा आठवला. मी नऊ-दहा वर्षांची. आपल्या वाडीतल्या एकाची नवी होडी तिकडे बांधली होती आणि पाण्यात लोटायच्या आधी गाऱ्हाणं घालायला तुम्हाला नेलं होतं, मी तुमचं बोट धरून आले होते. होडीला हार घातलाय, नारळ ठेवलाय, वीसेक माणसं खांदा लावून उभी आहेत आणि तुम्ही तोंडच उघडत नाही. तुम्ही विचारता, “हयचो जागेवालो कोण?” त्या जागेची राखण करणारा देव कोणता, कोणाला सांगता येत नाही. आपण परक्या गावात, आपला देव आपल्या गावात. कोणीतरी ओरडतो, “भाऊनू, भरती ओसारता, बेगीन घाला!” तुम्ही हाताची घडी घालून सांगता, “ज्याच्या दारात उभो आसंय तेका आधी हाक मारल्याशिवाय माका तोंड उघडूक येवचा नाय.” मग त्या गावातला एक म्हातारा शोधून आणला, त्यानं तिथल्या राखणदाराचं ठिकाण दाखवलं, आणि तेव्हा कुठे तुम्ही सुरुवात केलीत. तोवर पाणी इतकं खाली गेलं होतं की होडी लोटताना माणसांच्या कमरा मोडल्या. घरी येईपर्यंत लोक तुम्हाला नावं ठेवत होते. तुम्ही विडी ओढत शांत चालला होता.

म्हणून मी जागेवाला शोधायला निघाले. गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या एका पोरगेल्या संयोजकाला विचारलं, इथं आधी काय होतं? त्यानं मोठ्या उत्साहानं मला एका लांब भिंतीपुढे नेऊन उभं केलं. शहराचा खेळाचा वारसा, असं वर लिहिलेलं. जुने फोटो, काचेत ठेवलेला एक शिवून शिवून जाड झालेला फुटबॉल, फाटके बूट. भात कापून झालं की हीच शेतं खेळाची मैदानं व्हायची, मेरांवर, म्हणजे शेतांच्या बांधांवर बसून लोक सामने बघायचे, असं खाली लिहिलं होतं. फार छान होतं, एरवी मी तासभर रमले असते. पण मी फोटोंतली माणसं सोडून त्यांच्या मागची झाडं बघत होते. एका फोटोत गोलच्या मागे, मेरेच्या टोकाला, एक झाड आणि त्याच्या बुंध्याशी चुना फासलेलं गुडघ्याएवढं काहीतरी. संयोजकाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, मॅडम, बहुतेक पाण्याची टाकी.

झाडू घेऊन उभी असलेली एक बाई हे ऐकत होती. माझ्याच वयाची, गळ्यात बारीक क्रूस. संयोजक गेल्यावर जवळ आली. “कितें सोदता गो बाय?” मी मालवणीत सांगितलं, तिला सगळं समजलं. “ताका कितें खबर? काल आयिल्लो तो. यो, हांव दाखयतां.” ती पुढं, मी मागं. जिन्याखालून, पंपाच्या खोलीवरून, जनरेटरच्या धडधडाटातून थेट मागच्या कंपाउंडच्या कोपऱ्यात. झाड नव्हतंच, बुंधा होता, आणि त्याच्या पायथ्याशी तोच चुना फासलेला चौथरा, वर एक काळा दगड. दगडापुढे तेलाची पणती आणि बाजूला वितळून बसलेली मेणबत्ती. तिनं सांगितलं, पणती वॉचमन लावतो, मेणबत्ती ती स्वतः लावते, दर शुक्रवारी. मी विचारलं, नाव काय? ती म्हणाली, “नांव ना ताका. आमी आजो म्हणटात.” आजो. आपल्याकडेही आजोबाला आजोच म्हणतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी जनरेटरच्या धुरावर ढकललं.

मुलींना बोलावून आणलं आणि त्या दगडापुढे उभी राहिले तेव्हा मात्र मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. बाबा, तुम्ही मला रागावलात तो दिवस मी पुष्कळांना सांगितला आहे. मुलगी म्हणून तुम्ही मला गाऱ्हाणं घालू दिलं नाहीत, असंच सांगते, लोकांना ते पटतंही. पण ते वाक्य आत्येचं होतं. चुलीपुढं बसून तीच म्हणाली होती, “चेडवांनी गाऱ्हाणा घालूचा नसता गो!” तुमचं वेगळंच होतं. माझ्या हातून लोणच्याची भरणी फुटली होती. तुकडे मी शेण्यांच्या ढिगात लपवले होते आणि स्वयंपाकघरात उभी राहून, तुमच्यासारखा आवाज काढून, आईला कळू नये म्हणून देवाला गाऱ्हाणं घालत होते. धाकटा भाऊ दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. तुम्ही दारात कधी येऊन उभे राहिलात कळलंच नाही. मला वाटलं आता हसाल. तुम्ही म्हणालात, “पोटात एक नि ओठात एक ठेवन गाऱ्हाणा घालूचा नसता. आधी केलला सांग, मगे काय व्हया ता माग.” आणि मला हाताला धरून आईसमोर नेऊन उभं केलंत. ती तिखटाची आग होती की तुमच्या बोलण्याची कोण जाणे, पण माझे कान दिवसभर तापले होते.

मी मुलींना म्हटलं, बूट-मोजे काढा, अनवाणीच उभं राहायचं असतं. कॅप्टन म्हणाली, “बाई, माझे घट्ट बांधललेत, ऱ्हवांदेत?” मी म्हटलं, सगळ्यांनी. मग सुरू केलं. आवाज आधी निघेना, मग तुमचाच निघाला. “बा जागेवाल्या आज्या, तू हयचो राखणदार, तुका आधी हाक मारतंय रे म्हाराजा!” झाडूवाली सगळ्यांच्या आधी म्हणाली, व्हय म्हाराजा. मग मुली. “ही बारा पोरा तुझ्या दारात इली आसत रे म्हाराजा! हेंच्या हातापायाक सांभाळ रे म्हाराजा!” पाय म्हणताना माझी नजर खाली गेली. त्या लाल मातीत अकराजणींचे पाय सपाट टेकलेले आणि एक टाच वर उचललेली. घोटा सुजून गुडघ्याएवढा झाला होता आणि पट्ट्याच्या खाली काळानिळा पडला होता. माझं पुढचं वाक्य हरवलं. तरी मुली सवयीनं म्हणाल्या, व्हय म्हाराजा.

“बाई, माका कायएक होवक नाय,” ती म्हणाली. मी खाली बसून नुसतं बोट लावलं तर तिनं ओठ चावला. “बाई, मी खेळतलंय. बाई, तुमच्या पाया पडतंय.” मी नाही म्हटलं. तिच्या जागी एका घाबरट पोरीला उतरवलं. आम्ही हरलो, चांगल्याच हरलो. कॅप्टन बाकावर बसून होती, पायाखाली बर्फाची पिशवी, आणि तिनं सामन्यातली एकही चढाई बघितली नाही. परतीच्या वाटेवर ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी मुली मोजल्या नाहीत.

तिला घरी सोडायला गेले. वडिलांनी कंदिलासारखा मोबाईल धरून पाय बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “बरा केलास बाई. दुसऱ्या कोणी खेळवला असता.” आणि आत जाऊन केळीच्या पानात बांधलेले बांगडे आणून माझ्या हातात दिले. मी ते घेतले. तळून खाल्लेसुद्धा.

बाबा, बांद्याला ती सगळ्यांत शेवटी उतरली ते मी वर लिहिलं. ती कशी उतरली ते लिहिलं नाही. दांडी दोन्ही हातांनी धरून, एकाच पायावर उतरली होती. मी बघितलं, तिनंही बघितलं की मी बघितलं, आणि मी हाक मारली, “चल गो, चहा निवता.” मे महिन्यात मी निवृत्त होते आहे, आणि शाळेतलं ते कपाट मला डोळ्यांपुढे दिसत होतं. त्या आजोला मी पाय सांभाळ म्हटलं, पण हे आधी सांगितलं नाही. तिच्या वडिलांनाही सांगितलं नाही. त्यांचं घर शाळेपासून तिसरं आहे, खरं तर हे पत्र तिथं द्यायला हवं. तो धीर होत नाही, म्हणूनच तुम्हाला लिहिलं.