आधी चौकट, मग मजकूर

३ फेब्रुवारी २००८, रविवार
सकाळी अंबरनाथ पूर्वला वाचनालयाची मीटिंग. विहाराच्या मागच्या खोलीत. येत्या १ मेला प्रज्ञा वाचनालयाला पंचवीस वर्षं होतायत. सेक्रेटरी धर्मराज म्हणाला, स्मरणिका सगळेच काढतात, आपण इंटरनेटवरच्या विकी ज्ञानकोशात वाचनालयाचं पान करू आणि कार्यक्रमात प्रोजेक्टरवर दाखवू. कोण करणार असं विचारल्यावर सगळे पंख्याकडे बघायला लागले. मी हात वर केला. कंपनीत स्टोअरचं सगळं एक्सेल मीच सांभाळतो. हे तर हातचा मळ.
वाचनालय सुरू केलं ते माझ्या सासऱ्यांनी, भीमरावमामांनी. त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. डोळे अधू झाल्यामुळे त्यांना लिहवत नाही. तेव्हा ठरलं असं, की दर रविवारी ते बदलापूरला आमच्या घरी येऊन सांगणार, मी टाइप करणार.
पंधरा दिवसांत पान तयार. नंतर आराम.

५ फेब्रुवारी
अभ्यास सुरू. विकीची स्वतःची एक लिपीच आहे म्हणायला हरकत नाही. शब्दाच्या दोन्ही बाजूंना बरोबरची दोन-दोन चिन्हं दिली की मथळा होतो. तीन-तीन अवतरणचिन्हं दिली की अक्षर ठळक. ‘प्रज्ञा वाचनालय’ असं लिहून मथळा केला, तोच ठळक केला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. फार समाधान वाटलं.
बायकोने, मायाने विचारलं, खाली काय लिहिलंय? तिला सांगितलं की घर बांधताना आधी पाया घालतात, पडदे नंतर लावतात. ती म्हणाली, पण तू तर पाटी लावलीस.
माया शिक्षिका आहे. शिक्षकांना प्रत्येक ठिकाणी चुका दिसतात.

१० फेब्रुवारी, रविवार
मामा सकाळी आले. जय भीम झाला, चहा झाला, ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि सांगायला लागले. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात खोली गळायची, पुस्तकं भिजायची, तेव्हा मोतीबाईंनी काय केलं...
नेमकं तेव्हाच माझ्या परिच्छेदाभोवती ठिपक्यांची चौकट आली. अक्षरं लहान झाली आणि ओळ स्क्रीनच्या बाहेर निघून गेली, परत यायचं नाव नाही. मामांना म्हटलं, एकच मिनिट, एवढी चौकट घालवतो. ते थांबले. पेपर वाचायचा म्हणून डोळ्यांजवळ धरून बसले. चौकट काही जाईना. जेवायच्या वेळी ते म्हणाले, असू दे मुकेशराव, पुढच्या रविवारी. गुडघा धरून जिना उतरले.
थोडं वाईट वाटलं. पण पेपर त्यांना मनापासून आवडतो.

१३ फेब्रुवारी
चौकटीचं कारण सापडलं. शाळेत परिच्छेदाच्या सुरुवातीला जागा सोडायला शिकवलं होतं, तशी मी सोडत होतो. विकीला ती चालत नाही. म्हणजे चूक शाळेची. परिच्छेद आता डावीकडे चिकटून उभा आहे. त्यात एकच वाक्य आहे, पण सरळ आहे.

१७ फेब्रुवारी, रविवार
मामा दारात आणि लाइट गेली. लोडशेडिंग. मी म्हटलं, बघा, नशीबच असं. माया म्हणाली, कागदावर लिहून घे ना. तिला समजावलं की कागदावर लिहून मग टाइप करणं म्हणजे दुहेरी काम, आणि मार्कअपचा, म्हणजे त्या चिन्हांचा, विचार मजकुराच्या आधी करायचा असतो. तिने विळी घेतली आणि मामांना आत बोलावलं. मग मामा स्वयंपाकघरात बसून तिलाच सगळं सांगत राहिले. मधूनमधून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. मी बाहेर बंद कॉम्प्युटरसमोर बसून रंगांचा विचार केला.

२३ फेब्रुवारी
मामांना फोन करून सांगितलं की उद्या येऊ नका, कंपनीत मार्चएंडची तयारी आहे. हे तसं खोटं नाही. मार्च येतोच आहे.
खरं कारण माहितीचौकट. प्रत्येक चांगल्या पानाच्या उजव्या बाजूला एक देखणी उभी चौकट असते. ती केल्याशिवाय मामांना दाखवण्यात अर्थ नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार
एका मोठ्या शहराच्या पानावरून चौकट उचलली. झक्कास बसली. फक्त त्यात लोकसंख्या, क्षेत्रफळ, महापौर आणि समुद्रसपाटीपासूनची उंची असे रकाने आहेत. काढायला गेलो तर महिरपी कंस सुटले आणि पान विस्कटलं. मग रकाने तसेच ठेवून भरले. लोकसंख्या: सभासद धरून. महापौर: भीमराव. उंची अंबरनाथ स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेली असते, ती उद्या बघून येईन.
मामा महापौर झालेले बघून डोळे भरून आले. आज ते आले असते तर बरं झालं असतं.

९ मार्च, रविवार
मागच्या रविवारी मामा आले होते. तेव्हा मी पानावर घातलेल्या नव्या तक्त्याच्या उभ्या रेघा जुळवत होतो. आज आले तेव्हा आडव्या. आता ते थेट स्वयंपाकघरातच जातात.

१२ मार्च
पानाच्या चर्चापानावर कुणी अनोळखी माणसाने अत्यंत नम्रपणे विचारलंय की वाचनालयाला महापौर कसा? आणि लेखाच्या खाली मी माझी सही करतो ती करू नये, असंही लिहिलंय. (चार नागमोडी रेघा दिल्या की आपलं नाव आणि वेळ आपोआप उमटते. अतिशय सुंदर सोय.) सही त्याने काढून टाकली होती. मी पुन्हा केली. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

२२ मार्च
स्क्रीन लहान पडतोय असं लक्षात आलं. माहितीचौकट आणि तक्ता एका वेळी दिसत नाहीत, मग माणसाला लिहिण्याचा मूड कसा येणार? उल्हासनगरला ओळखीच्या सिंधी दुकानदाराकडे गेलो. मोठ्या मॉनिटरवर माझंच पान उघडून दाखवलं. तो बराच वेळ वरखाली करत राहिला. मग म्हणाला, साईं, डिब्बा तो एकदम फर्स्टक्लास है, माल किधर है?
मॉनिटर घेतला नाही. धंदेवाईक माणसाला यातलं काय कळणार!

३० मार्च, रविवार
आज मामा आत गेले नाहीत. माझ्या शेजारी उभे राहिले. म्हणाले, मुकेशराव, तुमचं काम मोठं आहे, मला त्यातलं कळत नाही. बाकी काही नाही आलं तरी चालेल, माझंसुद्धा नाव नसलं तरी चालेल. पण मोतीबाई पाहिजे. ती कार्यक्रमाला येणार आहे. तिचं नाव आजवर कुठेच आलेलं नाही, ना पावतीवर, ना फोटोत. आता तिचं वय झालंय.
मी शब्द दिला. मोतीबाई म्हणजे स्टेशनबाहेर भाजी विकायच्या त्या. त्यांनी पत्र्यांचं काहीतरी केलं होतं. नेमकं काय ते विचारणार होतो, पण आत्तापर्यंत नीट ऐकलं नाही हे त्यांना कळलं असतं. विचारलं नाही.
मामा गेल्यावर बराच वेळ काहीच केलं नाही. तक्त्यालासुद्धा हात लावला नाही.

६ एप्रिल, रविवार
संकल्प: आजपासून फक्त मजकूर.
संध्याकाळी: तक्त्याला फिकट निळी पार्श्वभूमी दिली. मजकूर त्यावर उठून दिसेल.

१३ एप्रिल, रविवार
उद्या जयंती म्हणून मामा आले नाहीत. सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. लाज वाटली म्हणजे माणूस मुळात चांगला असतो.

२७ एप्रिल, रविवार
मायाने आज सरळ विचारलं, तुझ्या पानावर बाबांनी सांगितलेलं एक तरी वाक्य आहे का? मी म्हटलं, रचना पूर्ण आहे. ती म्हणाली, रचना नाही विचारली. मग शाळेचे पेपर तपासायला बसली आणि प्रत्येक पेपरवर लाल पेन जोरात ओढत राहिली.
चिडून बसलो आणि लिहिलं. एकटाकी तीन वाक्यं! ‘प्रज्ञा वाचनालय हे महाराष्ट्रातील अंबरनाथ येथील वाचनालय आहे. त्याची स्थापना भीमराव यांनी केली. मोतीबाई यांनी पत्र्यांची मदत केली.’
महत्त्वाच्या शब्दांना दुहेरी चौकोनी कंस द्यायचे असतात. दिले. महाराष्ट्र निळा झाला, अंबरनाथ निळं झालं. मोतीबाई लाल झाल्या. का, ते माहीत नाही. दुव्यांविषयीचा धडा वाचायचा राहिलाय. पण दिसतं फारच छान, सगळ्या पानावर नजर तिथेच जाते. मामांना फोन करून सांगितलं की मोतीबाईंचं नाव मुद्दाम लाल अक्षरात घेतलंय, मानाने.  म्हणाले, आत्ता जाऊन सांगतो तिला.
शब्द पाळला. आज शांत झोप येईल.

१ मे, गुरुवार, रात्री
लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.
विहारात गर्दी होती. बायका, पोरं, मामांच्या कारखान्यातले जुने सोबती. मोतीबाई पहिल्या रांगेत, पांढरी कोरी साडी, शेजारी लेक आणि नातसून. त्यांनी अख्ख्या वस्तीला सांगितलं होतं म्हणे की कॉम्प्युटरात माझं नाव लाल अक्षरात आलंय. भाजीवाल्या मैत्रिणीसुद्धा धंदा बंद ठेवून आल्या होत्या.
पान पडद्यावर आलं. चौकट बघून टाळ्या पडल्या. समुद्रसपाटीच्या रकान्याला कुणीतरी मागून हसलं, तिकडे मी लक्ष दिलं नाही. मग मोतीबाईंचं नाव दिसलं आणि बायकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकलं.
माउस धर्मराजच्या हातात. डाटा कार्ड लावून नेट चालू. तो माइकवरून म्हणाला, आता मोतीमावशींच्या नावावर टिचकी मारू, आत त्यांची सगळी माहिती असणार. आणि मारली.
पडदा पांढरा झाला. वर एवढंच आलं: मोतीबाई या नावाचे पान अस्तित्वात नाही.
पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ते वाचलं. मोतीबाईंना वाचता येत नाही. त्या मामांकडे वळल्या. मला स्पष्ट ऐकू आलं. म्हणाल्या, दादा, काय लिवलंय माझं?
मामांना एवढ्या लांबून दिसत नव्हतं. शेजारच्याने त्यांच्या कानात सांगितलं.  मामा मोतीबाईंना म्हणाले, लिहितायत अजून. मोठं आहे ना तुझं, वेळ लागतोय.
मोतीबाईंनी माझ्याकडे बघून हात जोडले. म्हणाल्या, लिवा जावईबापू, सावकाश लिवा, मला कुठं घाई हाय.
 घरी येताना मी रिक्षात मायाला म्हटलं की धर्मराजने टिचकी मारायला नको होती. तिने रिक्षावाल्याला वळण सांगितलं.
लाल म्हणजे ते पान अजून कुणी लिहिलेलंच नाही, असा त्याचा अर्थ. धडा आत्ता वाचला.

२ मे
मामांचा फोन आला नाही. मी केला नाही.

४ मे, रविवार
मामा आज आले नाहीत. नऊ वाजल्यापासून जिन्याकडे कान लावून बसलो होतो. कॉम्प्युटर चालू केला नव्हता, पेनसुद्धा काढून ठेवलं होतं. आज ते आले असते तर एकूणएक शब्द लिहून घेतला असता. देवाशपथ म्हणणार होतो, पण आमच्यात ते चालत नाही. माझीच शपथ.
संकल्प: पुढच्या रविवारी मी स्वतः अंबरनाथला जाणार. आधी मामांची माफी, मग त्यांनाच घेऊन मोतीबाईंकडे.

११ मे, रविवार
गेलो. बदलापूर स्टेशनपर्यंत. तिथे विचार केला की रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही, निदान पान उघडलेलं तरी असावं. परत आलो. मोतीबाईंच्या नावाचं पान उघडलं आणि मथळे दिले: बालपण, कार्य, पत्र्यांची मदत. जन्मतारखेचा रकाना ठेवला. आता फक्त भरायचं. त्यांचं नाव वाचनालयाच्या पानावर निळं झालं. निम्मं काम झाल्यासारखं वाटलं.
मायाला दाखवलं. तिने प्रत्येक मथळ्याखालची मोकळी जागा बघितली. म्हणाली, सरक जरा. मी म्हटलं, अगं, तुला मार्कअप येत नाही. ती म्हणाली, मला गोष्ट येते.
मी झोपायला गेलो. ती एका बोटाने टाइप करत होती.

१२ मे
कंपनीतून आलो तर घरात मामा. माझ्याच खुर्चीत. माया त्यांना स्क्रीनवरून मोठ्याने वाचून दाखवत होती. मी दारातच थांबलो.
त्या पावसाळ्यात मोतीबाईंनी स्वतःच्या झोपडीवरचे पत्रे उतरवून वाचनालयावर घातले होते. चूल पावसात गेली म्हणून सगळा पावसाळा त्या शेजारणीकडे भाकरी थापायच्या. नवरा ओरडला तर म्हणाल्या, पुस्तकं भिजली तर वाळवून परत वाचता येत न्हाईत, आपण वाळतो. वाचायला येत नसलेली बाई. हे सगळं माझ्या घरात, माझ्यापासून एका भिंतीपलीकडे सांगितलं गेलं होतं.
मामा मला बघून उठले आणि जय भीम म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, उद्या संध्याकाळी मोतीबाईंकडे जाऊन वाचून दाखवणार आहोत, माया छापून घेतेय. मला कुणी चल म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

१३ मे, रात्री
ती दोघं अंबरनाथला गेल्यावर पान उघडलं. एकही मथळा नाही, माझे सगळे तिने काढून टाकले. चौकट नाही, रंग नाही. नुसता मजकूर, पानभर. कुठेही हात लावण्यासारखं काही नव्हतं, तरी शोधत राहिलो. शेवटी पहिल्या ओळीतलं मोतीबाई हे नाव ठळक केलं.
जतन करायच्या आधी विकी विचारतो, हा बदल छोटा आहे का? तिथे टिक करायची असते. केली.