ओढ्याकाठचा सराव आणि हरणीचे घर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त क्रीडाशिक्षिका, गुडघे सोडले तर बाकी सगळे शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधीचा एखादा कागद सापडल्यास तो रद्द समजावा.

१. माझे दोन खोल्यांचे राहते घर, अंगणासह, माझ्या विद्यार्थिनीला द्यावे. शाळेत तिला सगळे हरणी म्हणत. कारण लिहिणे मला भाग आहे.

शाळेमागच्या ओढ्याकाठी मी मुलींना लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी पळवीत असे. काठावर साऱ्या वस्तीचा कचरा पडे. मला तो रोज दिसत होता, पण माझे लक्ष घड्याळाकडे. एका सकाळी फुटक्या बाटलीने हरणीच्या टाचेमागची शीर तुटली. तेरा वर्षांची होती. पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. तिचे वडील मला नाही नाही ते बोलले. त्यांचे काही चुकले नाही. मुख्याध्यापकांनी ओढ्याकडच्या फाटकाला कुलूप लावले.

तीन महिन्यांनी ती कुबडी घेऊन मैदानावर आली. म्हणाली, "बाई, मला पळता नाही येणार, पण कचरा वेचता येईल. फाटक उघडा."

तेव्हापासून नियम ठरला : आधी काठ साफ, मग शिट्टी. पालक कुरकुरले. पण मुलींनी वेचण्याचीच शर्यत लावली, विकतच्या बाटल्या सोडून घरून पाणी आणू लागल्या, आणि घरच्यांनाही ओढ्यात पिशव्या टाकू देईनात. सहाव्या वर्षी पाण्यात मासे दिसले.

२. गणिताच्या सरांना माझी आरामखुर्ची. 'कचरा मास्तरीण' हे नाव त्यांनीच पाडले, ते मी विसरलेले नाही. पुढे दर रविवारी पोते धरायलाही तेच आले, हेही विसरलेले नाही.

३. भाच्याला कपाट, भांडी आणि बँकेतली शिल्लक. घरावरून त्याने वाद घालू नये. त्याने माझ्या तीन छत्र्या हरवल्या, मी अवाक्षर काढले नाही.

४. शिट्टी, घड्याळ व उड्यांचे दोर शाळेला. काचेआड ठेवू नयेत, वापरावेत.

५. शोकसभा नको. माझ्यासाठी त्या दिवशीचा सराव बुडवू नये.

६. हरणी आज माझ्याच जागी शिकवते, रोज मला डबा आणते. तरी तिची माफी मागायला माझे तोंड उघडले नाही. ती इथे मागते. माझ्यामागे तिने वाचावे, असा बेत होता. वकील म्हणाले, आत्ताच वाचून दाखवा. दाखवले. ती म्हणाली, "बाई, तेव्हा मीसुद्धा घड्याळासाठीच पळत होते."

साक्षीदार म्हणून तिने पेन उचलले, तर वकिलांनी थांबवले. जिला घर मिळते तिची साक्ष नको, म्हणाले. म्हणून ती नुसतीच शेजारी बसली आहे. मी सही करते, तिने कागद धरला आहे.

ठिकाण : माझ्या घराची पुढची खोली
तारीख : ९ फेब्रुवारी, सकाळी

सही : (क्रीडाशिक्षिका, निवृत्त)

आमच्यासमोर सही झाली :
१. शेजारचे शिंपी
२. शाळेच्या ग्रंथपाल